मिसळणाच्या डब्यातल्या गोळ्या

आमच्या घरात पहाटे साडेपाचला उठणारी माणसं दोनच, मी आणि माझे सासरे. मी डोंबिवलीतल्या एका शाळेत गणित शिकवते आणि शाळा सकाळी सातला भरते. सासऱ्यांनी मानपाड्याकडच्या एका रंगांच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी फर्स्ट शिफ्टला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांना गजर लागत नाही. नवरा घोडबंदर रोडवरच्या ऑफिसातून ट्रॅफिकला शिव्या घालत उशिरा येतो आणि सकाळी आठपर्यंत झोपतो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. त्यामुळे पहाटेचं स्वयंपाकघर आम्हा दोघांचं. ते चहा ठेवायचे, मी पोळ्या लाटायचे, आणि तासाभरात आमची दहा वाक्यं झाली तर खूप झाली. मला ते आवडायचं. वर्गात साठ मुलांपुढे घसा फोडायचा असतो, घरी कुणीतरी गप्प बसणारं हवं.

मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा ही बातमी नवऱ्याच्या आधी त्यांना कळली, कारण चहाच्या वासाने मी बेसिनकडे पळाले. त्यांनी चहाचं आधण ओतून दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी कपभर दूध तापवायला लागले. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. त्या दिवसांबद्दल मला फार लिहायचं नाही. ते संपल्यावरही आठवडाभर त्यांनी दूध तापवलं आणि मी ते पीत राहिले, कारण नको म्हणायला तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं.

नंतरच्या तपासण्यांत मला थायरॉइडचा त्रास निघाला. आमच्या डॉक्टरबाईंनी एक बारीकशी पांढरी गोळी सुरू केली. वर्षभराने पुन्हा दिवस गेले तेव्हा त्यांनी मला समोर बसवून नीट सांगितलं, "अगं, सुरुवातीचे काही महिने बाळाची स्वतःची थायरॉइड काम करत नसते. त्याला लागतं ते तुझ्याकडून जातं. म्हणून ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही. सकाळी, रिकाम्या पोटी." मी मान डोलावली. या वेळी हे मूल हातात यायला हवं होतं, बाकी मला काही नको होतं. डॉक्टरबाईंनी रोज शंभर पायऱ्या उलट्या चढायला सांगितल्या असत्या तरी मी चढले असते.

चौथा महिना लागला आणि गोळ्या वाढल्या. रक्तासाठी एक, कॅल्शियमची एक. परदेशातल्या नणंदेने पिवळ्या कॅप्सूल पाठवल्या, त्या डोळ्यांना आणि मेंदूला चांगल्या म्हणे. सासऱ्यांच्या कारखान्यातल्या एका मित्राने तपकिरी रंगाच्या ताकदीच्या गोळ्या दिल्या, कुठल्याशा झाडपाल्याच्या. आणि मी, मुलांना गृहपाठ विसरल्याबद्दल वर्गाबाहेर उभं करणारी बाई, या गोळ्या विसरायला लागले. एकदा सासऱ्यांना माझ्या डब्याच्या पिशवीत एक अख्खी पट्टी सापडली, तीन दिवस तशीच पडलेली, न फोडलेली. त्यांचं न बोलणं मला वाचता येतं. त्या दिवशी ते जरा लांबलचक होतं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर सासूबाईंचा जुना मिसळणाचा डबा होता. स्टीलचा, सात वाट्यांचा. इतकी वर्षं वर माळ्यावर ठेवलेला. त्यांनी तो घासून पुसून खाली काढला होता आणि सगळ्या गोळ्या पट्ट्यांमधून सोडवून एकेका वाटीत भरल्या होत्या. मधल्या वाटीत थायरॉइडची, तिच्याभोवती बाकीच्या. शेवटच्या वाटीत बडीशेप.

"बडीशेप कशाला?" मी विचारलं.

"तोंड कडू पडतं ना तुझं," ते म्हणाले. "घे. एका दमात उरकून टाक, म्हणजे शाळेला मोकळी."

तेव्हापासून रोज सव्वासहाला हा सोहळा सुरू झाला. ते डब्याचं झाकण काढणार, मी वाटीवाटीतून एकेक गोळी उचलणार आणि कपभर कोमट दुधाबरोबर गिळणार. दूध हवंच, कारण आमच्याकडे गोळ्या उष्ण पडतात. नुसत्या पाण्याबरोबर रिकाम्या पोटात औषध टाकायचं म्हणजे पोटाशी वैर, असं माझी आई मानते, तिची आई मानायची आणि या बाबतीत साताऱ्याकडचे माझे सासरे आणि आमचं मूळचं कोकणातलं माहेर यांच्यात कधी नव्हे ते एकमत होतं. रिकाम्या पोटी म्हणजे सकाळी सगळ्यात आधी, असा अर्थ आम्ही दोघांनीही घेतला होता. दूध म्हणजे काही खाणं नव्हे. मला तर अभिमान वाटायचा. शिक्षकखोलीत मी सांगायचे की माझे सासरे मला गोळ्या देतात, आणि बायका हातातली बिस्किटं खाली ठेवून ऐकायच्या.

पाचव्या महिन्यात थायरॉइडचा रिपोर्ट बिघडला. डॉक्टरबाईंनी गोळीची ताकद वाढवली. महिन्याने पुन्हा रक्त दिलं, आकडा आणखी चढलेला. डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावर सारला.

"गोळी घेतेस ना?"

"रोज."

"रिकाम्या पोटी?"

"रोज," मी जरा चढ्या आवाजात म्हणाले. मला खोटं पाडलेलं सहन होत नाही.

त्यांनी रिपोर्ट मिटला. मग म्हणाल्या, "उद्या परत ये. तोंडावाटे जे जे पोटात जातं ते सगळं घेऊन ये. गोळी, पावडर, काढा, कुणी प्रेमाने दिलेलं काहीही."

घरी येऊन मी पलंगावर पडून छताकडे बघत राहिले. बाळ हलत होतं आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, मागच्या वेळेपेक्षा मी हिला जास्त ओळखते, आता गेली तर मी उठणार नाही. ती मुलगी आहे हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सासरे बरोबर आले. डबा त्यांनी फडक्यात बांधून मांडीवर धरला होता. डॉक्टरबाईंनी झाकण उघडलं.

"हे काय, फोडणी करायची आहे का?"

ते हसले नाहीत. खुर्चीच्या टोकाशी बसून त्यांनी बोटाने एकेक वाटी दाखवली. "मॅडम, इथून सुरू करायचं. ही थायरॉइडची, ही रक्ताची, ही कॅल्शियम. ह्या आमच्या मुलीने पाठवलेल्या. सव्वासहाला सगळं एकदम, वर कपभर दूध. एक दिवस चुकलेलं नाही बघा."

ते इतकं खुशीने सांगत होते की डॉक्टरबाईंनी त्यांना मध्ये तोडलं नाही. मग त्यांनी तपकिरी गोळी उचलून वास घेतला. "याला जिऱ्याचा वास येतोय. आहे काय हे?"

"मित्राने दिली. ताकदीची आहे."

"त्यात काय काय आहे?"

"ते नाय विचारलं."

"मग हिला द्यायची नाही. तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि पोटातल्याला तर कुणी विचारलेलंच नाही." त्यांनी ती वाटी बाजूला काढली. कॅप्सूलची बाटली पुढच्या वेळी आणायला सांगितली, त्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय त्याही बंद. मग मधल्या वाटीवर बोट ठेवून त्या सावकाश बोलल्या. थायरॉइडच्या गोळीबरोबर लोह आणि कॅल्शियम पोटात गेलं की गोळी त्यांच्यातच अडकून बसते, रक्तात नीट उतरतच नाही. दुधातही कॅल्शियमच. ती गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, मग निदान अर्धा-पाऊण तास काही नाही, आणि लोह, कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. तीही दोघं एकमेकांपासून वेगळी.

"म्हणजे मी रोज देत होतो," सासरे म्हणाले, "आणि रोज फुकट घालवत होतो."

"पूर्ण फुकट नाही. पण बरीचशी." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू गणिताची बाई ना? पोटात कपभर दूध गेल्यावर पोट रिकामं कसं गं?"

खरं तर चूक तितकीच माझी होती. प्रिस्क्रिप्शन मला वाचता येत होतं. पण मला घाबरल्यावर राग येतो, आणि तो जवळच्या माणसावर निघतो. रिक्षात बसल्यावर मी म्हणाले, "मागच्या वेळी एकदा झालं ते पुरे नव्हतं का, बाबा?" आणि तोंड फिरवून बाहेर बघत राहिले.

टिळक चौकाच्या सिग्नलला ते बोलले. "आमच्याकडे कारखान्यात टाकीत काय आधी घालायचं, काय नंतर, यावर सगळं असतं. दोन माल एकदम ओतले तर अख्खी बॅच जाते. नवीन पोरांना मीच शिकवायचो." मग गुडघ्यावरच्या डब्याकडे बघून म्हणाले, "मला कळायला पाहिजे होतं."

त्या संध्याकाळी त्यांनी एक मोठा कागद घेऊन पट्टीने रेघा मारल्या. कारखान्यात प्रत्येक शिफ्टची लॉगशीट असते, त्यात दर तासाचं रीडिंग लिहून सही करायची असते. तशीच त्यांनी माझी केली. पावणेसहाला पांढरी गोळी, पाणी. साडेदहाला, शाळेच्या मधल्या सुट्टीत, रक्ताची. जेवणानंतर कॅल्शियम. शेवटच्या रकान्यात माझी सही. साडेदहाला त्यांचा फोन यायचा. शिक्षकखोलीतल्या बायका म्हणायच्या, आला गं तुझा सुपरवायझर. मी रागावल्याचं नाटक करायचे. पुढच्या महिन्यात आकडा उतरला, त्याच्या पुढच्या महिन्यात जागेवर आला. त्यांनी रिपोर्ट लॉगशीटलाच टाचून ठेवला. रिक्षातल्या त्या वाक्याबद्दल मी कधी माफी मागितली नाही. मागायची राहून गेली, आणि मग मी विसरून गेले.

मुलगीच झाली. तिच्या टाचेतून काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला त्यात तिचं थायरॉइड अगदी ठीक होतं. सासऱ्यांनी तो कागद चष्मा लावून तीनदा वाचला आणि मग गॅलरीत जाऊन बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, फोन करायला गेलेत.

टिटवाळ्याहून माझी आई सव्वा महिन्यासाठी आली आणि घर तिने ताब्यात घेतलं. तेल, शेक, धुरी, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर. फ्लॉवर नको, तूरडाळ नको, थंड काही नको. "तू जे खाशील ते दुधात उतरणार," ती माझ्या पायांना तेल चोळताना म्हणायची. तिच्या हातांत इतकी माया होती की वाद घालायची इच्छाच व्हायची नाही. मुलगी संध्याकाळी दोन-दोन तास रडायची. एकदा ती अशीच रडत असताना माझ्या मनात आलं, जर फ्लॉवर दुधात उतरतो तर गोळीही उतरत असणार.

बाळंतपणानंतर डॉक्टरबाईंनी गोळीची ताकद कमी केली होती, पण गोळी चालू ठेव असं बजावलं होतं. एक फोन केला असता तर उत्तर मिळालं असतं. मी केला नाही. मला भीती वाटत होती की त्या म्हणतील, हो, उतरते, एक तर गोळी घे नाहीतर दूध पाज. मुलगी छातीशी असली की ती आहे, खरंच आहे, याची मला खात्री पटायची, आणि तेवढं मला सोडायचं नव्हतं. म्हणून मी न विचारताच गोळी बंद केली. लॉगशीटवर मात्र रोज सही करत राहिले.

गोळी बंद केल्याच्या बाराव्या दिवशी आई अंघोळीला गेलेली असताना सासरे माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. हातात गोळ्यांची पट्टी.

"ही संपायला पाहिजे होती," ते म्हणाले.

मी मुलीला थोपटत राहिले.

"अगं, रीडिंग चुकलं तर दुरुस्त करता येतं. खोटं लिहिलं की बॅच कुठे बिघडली ते सापडतच नाय." आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुझ्या आईला काय सांगत नाही. माझ्या पोरालापण नाही. पण आज जाऊ आपण डॉक्टरकडे."

तिला दुपट्यात गुंडाळून आम्ही गेलो. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "जे तुझ्या शरीरात आपोआप बनायला हवं तेच ही गोळी बाहेरून देते," त्या म्हणाल्या. "दुधात अगदी नगण्य उतरतं, त्याने हिला काही होत नाही. उलट गोळी सोडलीस तर तूच गळून जाशील, दूधही कमी होऊ शकतं. उद्या सकाळपासून चालू. आणि दुसरं काहीही, अगदी सर्दीची गोळीसुद्धा, मला विचारल्याशिवाय नाही. बंद करतानाही विचारायचं. कळलं?"

मला एवढं हलकं वाटलं की मी हसायला लागले. मुलगी जागी झाली. मी निघायला उठले, पण सासरे उठले नाहीत. ते टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होते.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा ना काका."

"हिच्या आधीचं जे गेलं," ते म्हणाले, "त्या वेळीपण सकाळची गोळी मीच देत होतो. दुधाबरोबर. ते माझ्यामुळे गेलं का?"

मला एकदम ती रिक्षा आठवली, मी फिरवलेलं तोंड, आणि मागच्या वेळचं काढून मी जे बोलले होते ते. ते बोलून पाच महिने झाले होते. पाच महिने त्यांनी रोज पहाटे माझ्या हातात पाण्याचा पेला दिला होता, घड्याळ बघितलं होतं, साडेदहाला फोन केला होता, आणि प्रत्येक वेळी हे त्यांच्या डोक्यात होतं.

"बाबा, त्या वेळी मला ही गोळी नव्हतीच," मी म्हणाले. "थायरॉइड त्यानंतर निघाला. तेव्हा मी फक्त फोलिक ॲसिड घेत होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, डॉक्टरबाईंकडे बघितलं. माझ्या शब्दावर त्यांचं भागणार नव्हतं.

"ती बरोबर सांगतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फोलिकची गोळी दुधाबरोबर घेतली तरी चालते. तेव्हा तसं का झालं ते मला सांगता येणार नाही, पुष्कळदा आम्हालाही कळत नाही. पण तुमच्या दुधामुळे नाही."

"नक्की?"

"नक्की, काका."

त्यांनी दोनदा मान हलवली. मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले, आणि डॉक्टरबाईंना नमस्कार करून बाहेर गेले.

मी त्यांना दवाखान्याच्या पायऱ्यांवर गाठलं. मुलीला एका हातात धरून दुसऱ्या हाताने मी त्यांच्या शर्टाची बाही पकडली. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते भलतंच आणि पुन्हा रागावूनच निघालं. "एवढे दिवस मनात ठेवलंत. मला विचारायचं ना, बाबा. एका मिनिटात सांगितलं असतं."

रिक्षा येतेय का ते बघत ते रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

"आणि तू हो म्हणाली असतीस तर?" ते म्हणाले.